चौदा चकत्यांचं स्वयंपाकघर

भीमाचार्यांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या कामात चुका काढल्या, आणि त्याबद्दल सरकारनं त्यांना पगार दिला. कारखान्यात ते तपासणी खात्यात होते. आनेकलहून पहाटेची बस पकडून येणारे कामगार दिवसभर खपून जे सुटे भाग बनवत, ते संध्याकाळी भीमाचार्यांच्या टेबलावर येत. भीमाचार्य त्यांना व्हर्नियरची मापपट्टी लावत आणि निम्मे परत पाठवत. केसाच्या जाडीएवढा फरकसुद्धा त्यांना चालत नसे. स्वतः मात्र त्यांनी या चौतीस वर्षांत काहीही बनवलं नव्हतं. घरी भिंतीत खिळा ठोकायचा झाला तर तो त्यांच्या पत्नी वसुमतीबाई ठोकत. भीमाचार्य खाली उभे राहून खिळा दोन मिलिमीटर डावीकडे गेल्याचं सांगत.

चामराजपेटेतलं त्यांचं घर त्यांच्या वडिलांनी बांधलं होतं. घराण्याला बेंगळुरात साडेतीनशे वर्षं झाली, असं भीमाचार्य पाहुण्यांना सांगत. पाहुण्यांनी आधी स्वयंपाकघर पाहिलेलं असलं तर ते त्यांना लगेच पटे. ओट्याचा कडप्पा खचून सिंककडे उतरता झाला होता. त्यावर लिंबू ठेवलं की ते आपल्या वाटेनं निघून जाई. गॅसच्या शेगडीचा एक पाय कायम हवेत असे. फडताळाचं दार बिजागरीतून निखळलेलं, त्यामुळे ते मनात येईल तेव्हा उघडे, बहुतेक वेळा खाली कुणी वाकलेलं असताना. ड्रॉवर उघडायला दोन हात आणि एक गुडघा लागे. नळ गळे, पण त्याला आता सगळे घरातलाच समजत.

वसुमतीबाईंनी या मंडळींशी एक्केचाळीस वर्षं जमवून घेतलं होतं. पातेलं शेगडीवर ठेवताना ते किती डावीकडे सरकवायचं, दार कधी कोपरानं अडवायचं, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं. शिवाय त्या ओट्यात एक मोठा गुण होता. तो बुटका होता. वसुमतीबाईंची उंची चार फूट दहा इंच, त्यांच्या सासूची त्याहून एक इंच कमी. सासऱ्यांनी ओटा बायकोच्या मापानं बांधून घेतला होता. बेंगळुरासारख्या एवढ्या मोठ्या शहरात आपल्या कोपराला बरोबर लागणारा ओटा हा एकच, असं वसुमतीबाईंचं मत होतं.

आणि मग एका रविवारी ते सार सांडलं.

मुलगा गुरुदत्त एचएसआर लेआउटमधून जेवायला आला होता. पानं मांडून झाली होती. वसुमतीबाई साराचं पातेलं उतरवायला गेल्या आणि शेगडी डुलली. उकळतं सार त्यांच्या उजव्या पावलावर आलं. गुरुदत्त दारातच उभा होता, त्यानं सगळं पाहिलं. त्यानं आईचा पाय नळाखाली धरला, मलम लावलं, आणि या सगळ्या वेळात तो एक शब्द बोलला नाही. त्या घरात न बोलणारा माणूस काहीतरी ठरवत असतो. जेवणं झाल्यावर त्यानं ते सांगितलं. हे स्वयंपाकघर तोडायचं. मॉड्युलर किचन बसवायचं, माणूस त्याच्या ओळखीचा आहे. काम दीड महिन्याचं, तोवर अण्णा आणि अम्मा दोघांनी एचएसआरला राहायचं. त्याच्या आवाजात हुकूम होता, पण नजर सारखी आईच्या पायाकडे जात होती. त्यामुळे कुणाला त्याच्यावर रागावता आलं नाही.

गुरुदत्त गेल्यावर वसुमतीबाई भाजलेलं पाऊल स्टुलावर ठेवून बसल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "तिथं गेले ना मी, की परत येत नाही, बघा. आधी ओटा सुकायचा असेल, मग पाऊस असेल, मग तुमचं बीपी असेल. आणि इथं कुलूप लागेल."

भीमाचार्यांनी हे ऐकलं, स्वल्प विचार केला, आणि गच्चीवर जाऊन मुलाला फोन लावला. त्यांनी अट घातली. बावीस दिवसांनी आजीचं श्राद्ध आहे. ते मठात करायचं नाही, घरी करायचं. सगळा स्वयंपाक याच स्वयंपाकघरात होईल. काही डुललं, अडकलं, सांडलं किंवा थेंबभर गळलं, तर दुसऱ्या दिवशी सामान बांधू. नाहीतर मॉड्युलरचं नाव काढायचं नाही. गुरुदत्तनं विचारलं की दुरुस्ती कोण करणार. भीमाचार्य म्हणाले, मी. मग गुरुदत्त सरी म्हणाला, म्हणजे ठीक आहे. हसू दाबून म्हटलेलं सरी ओळखू येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमाचार्य वही, पेन्सिल आणि व्हर्नियर घेऊन स्वयंपाकघरात शिरले. त्यांनी तीन तास मोजमाप केलं. वसुमतीबाईंना भाजी चिरायला हॉलमध्ये जावं लागलं. शेवटी वहीत सव्वीस दोष निघाले. सत्ताविसावा, म्हणजे किंचित कमी शिजलेली तूरडाळ, त्यांनी नोंदवला नाही, फक्त बोलून दाखवला. त्या दिवशी त्यांना डाळ वाढली गेली नाही.

गल्लीच्या तोंडाशी देवाप्पाचं हार्डवेअरचं दुकान होतं. देवाप्पा निपाणीकडचा, कानडी आणि मराठी दोन्ही एकाच श्वासात बोलणारा. त्यानं सव्वीस दोष शांतपणे ऐकून घेतले. मग तो म्हणाला की आचाऱ्यांनो, यातल्या निम्म्यांना दुकानातलं काही लागत नाही, घरातलंच पुरेल. अड्डी नाही, काही हरकत नाही, मी सांगतो. दुकानदारानं गिऱ्हाइकाला काही विकत घेऊ नका म्हणण्याचा प्रसंग भीमाचार्यांच्या आयुष्यात पहिलाच होता. त्यांचा देवाप्पावर जो विश्वास बसला तो तिथून.

फडताळाच्या दारापासून सुरुवात झाली. स्क्रूची भोकं मोठी झाली होती, स्क्रू नुसता फिरत राही. देवाप्पाच्या सांगण्यावरून भीमाचार्यांनी देवघरातल्या जळून उरलेल्या उदबत्तीच्या काड्या गोळा केल्या, सुताराच्या डिंकात बुडवून भोकात ठासल्या, रात्रभर वाळू दिल्या आणि सकाळी स्क्रू पिळला. तो आवळत गेला. भीमाचार्यांच्या हातानं आयुष्यात प्रथमच काहीतरी घट्ट झालं होतं. त्यांनी वसुमतीबाईंना बोलावलं. त्यांनी दार दोनदा उघडलं, दोनदा लावलं, आणि उदबत्त्यांच्या काड्या उगाच टाकत होतो म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं प्रशस्तिपत्र पुष्कळ होतं.

मग ड्रॉवर. ते पूर्ण बाहेर काढून, कडा पॉलिश पेपरनं घासून, त्यांवर मेणबत्ती फिरवली. आता ते एका बोटानं उघडत. इतके सहज की बंद करताना मागच्या फळीवर धाडकन आपटत. ओट्यामागच्या फरशांच्या भेगा भीमाचार्यांनी जुन्या टूथब्रशनं खरवडून पांढऱ्या सिमेंटनं भरल्या. या कामात त्यांना इतका हुरूप आला की भिंतीच्या पायथ्याशी दिसलेलं एक भोकही त्यांनी झकास लिंपून टाकलं. दुपारी वसुमतीबाईंनी जमीन धुतली, तेव्हा पाणी कुठेच जाईना. ते भोक पाणी बाहेर जायचं होतं. छिन्नी घेऊन ते पुन्हा पाडायला दीड दिवस लागला, कारण भीमाचार्यांचं काम आता खरंच पक्कं होऊ लागलं होतं.

नळानं मात्र दाद दिली नाही. वायसर बदलला, आतला दट्ट्या घासला, आट्यांना पांढरी टेप गुंडाळली. पूर्वी सेकंदाला एक थेंब पडे, आता चाळीस सेकंदांना एक पडू लागला. भीमाचार्य घड्याळ लावून समोर बसत. नळ त्यांच्याकडे बघत राही, आणि बरोबर चाळिसाव्या सेकंदाला थेंब सोडी.

उरलं होतं ते आपटणं आणि डुलणं. दारं, ड्रॉवर, डब्यांची फळी आणि मुख्य म्हणजे शेगडी. भीमाचार्यांनी देवाप्पाकडे रबरी चकत्या मागितल्या. तो म्हणाला की ते नखरे इंदिरानगरच्या दुकानांत मिळतात. मी काय करतो, जुनी हवाई चप्पल घेतो, बाटलीच्या बुचाच्या मापानं कापतो. वापरलेली असली तर अजून चांगली, दाबून दाबून बसलेली असते. पुढं दबत नाही.

हा शेवटचा मुद्दा तपासणी खात्याच्या माणसाला फार पटण्याजोगा होता. भीमाचार्य घरी आले, बाथरूमबाहेरची आपली जुनी चप्पल उचलली, तिला नख लावून पाहिलं, साबणानं तीनदा धुतली, आणि मागच्या अंगणात बसून कापायला घेतली. कापता कापता ती चप्पल राहिली नाही, रबर झाली. दारांना सहा चकत्या लागल्या, ड्रॉवरांना चार, फळीखाली तीन, आणि शेगडीच्या हवेतल्या पायाखाली एक, ब्लेडनं तासून, बरोबर मापाची. मनाच्या एका कोपऱ्यात कुणीतरी हळूच खोकलं. भीमाचार्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

त्या दिवसापासून स्वयंपाकघर गप्प झालं. दार आपटेना, ड्रॉवर वाजेना. शेगडीवर वसुमतीबाईंनी भरलेलं पातेलं ठेवलं, ते हललं नाही. त्यांनी जरा हात लांब ठेवून वाट पाहिली, मग जवळ नेला. त्या दिवशी भीमाचार्यांना न मागता दुसरी कॉफी मिळाली.

श्राद्धाच्या आदल्या दिवशी दुपारी वसुमतीबाईंनी अंगण झाडायला घेतलं. दुसऱ्या दिवशीचा स्वयंपाक मडीतला. सोवळ्याला त्यांच्या घरी मडी म्हणतात, आणि श्राद्धाची मडी सगळ्यांत कडक. पहाटे डोक्यावरून अंघोळ, ओलेत्यानं वाळत घातलेलं लुगडं, मग ब्राह्मण जेवेपर्यंत कुणी शिवायचं नाही, लहान मूलसुद्धा नाही. म्हणून त्या कोपरान् कोपरा साफ करत होत्या. तुळशीमागच्या कोपऱ्यात त्यांना चप्पल सापडली. तिच्यात गोल भोकं होती, एका शेजारी एक, करंज्यांच्या पारीतून वाटीनं तुकडे काढावेत तशी.

त्या चप्पल केरसुणीच्या टोकावर धरून आत आल्या. "उंदीर झालेत हो," त्या म्हणाल्या. "पण इतके गोल दात कुठल्या उंदराचे?"

भीमाचार्यांनी फक्त हो म्हणायचं होतं. उंदीर कुणी बोलावून विचारणार नव्हतं. उद्याचा दिवस निभावला असता, गुरुदत्त गप्प बसला असता, घराला कुलूप लागलं नसतं. सगळं त्या एका हो वर होतं. पण उद्याचं पान त्यांच्या आईचं होतं. ती माउली भाजीच्या पिशवीवर कुणाच्या जोड्याची सावली पडली तर पिशवी भाजीसकट धूत असे. मुलाला एकवेळ फसवता येईल, तिला कसं फसवणार?

"उंदीर नाही," भीमाचार्य म्हणाले. "मी."

"चपलेत काय कापत होतात?"

"रबर."

"कशाला?"

भीमाचार्यांनी फडताळाच्या दाराकडे बोट केलं. वसुमतीबाईंची नजर दाराकडे गेली, मग ड्रॉवरांकडे, फळीकडे, आणि शेवटी फार सावकाश शेगडीकडे.

"अग्नीखाली?"

"एकच आहे," भीमाचार्य म्हणाले. थोड्या वेळानं, आधार म्हणून, ते म्हणाले, "बाहेरची नाही. बाथरूमची आहे."

याचा काही उपयोग झाला नाही.

वसुमतीबाई खाली बसल्या. गेले दहा दिवस त्या चपलेवर शिजवत होत्या. रोजचा नैवेद्य त्यातच झाला होता. भीमाचार्यांनी हळूच सुचवलं की श्राद्ध उद्या मठात करू, अजून तिथल्या आचाऱ्यांना फोन करता येईल. त्यावर वसुमतीबाईंनी मान वर केली. म्हणजे गुरुदत्तला पाहिजे तेच, असं त्या म्हणाल्या आणि उठल्या. चकत्या किती लावल्यात ते त्यांनी विचारलं नाही. मोजल्याशिवाय हा माणूस राहणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"जेवढ्या आहेत तेवढ्या चारच्या आत मला अंगणात दिसल्या पाहिजेत," त्या म्हणाल्या. "आणि हात लावाल तो धुवून मग मला बोलवा."

चारला दहा मिनिटं कमी असताना चौदाच्या चौदा चकत्या अंगणात एका ओळीत मांडलेल्या होत्या. वसुमतीबाईंनी ओटा हळदीच्या पाण्यानं धुतला, गोमूत्र शिंपडलं, स्वतः पुन्हा अंघोळ केली. शेगडी पुन्हा डुलत होती. ड्रॉवर पुन्हा आपटत होते. बाहेर ऊन उतरत होतं.

भीमाचार्य धुतलेल्या हातांनी दारात उभे होते. काय मऊ असतं, दबत नाही, आणि मडीला चालतं, असा प्रश्न ते मनात फिरवत होते. कापूस चालत नाही, कापड चालत नाही, प्लास्टिकचा तर विषयच नाही. कारखान्यातल्या सगळ्या साहित्याची यादी त्यांनी डोळ्यांसमोर आणली. उत्तर तिथं नव्हतं. ते वसुमतीबाईंच्या ट्रंकेत होतं.

त्यांनी भीमाचार्यांचा जुना मुकटा बाहेर काढला. पूजेचं रेशमी धोतर. तीन ठिकाणी फाटलेलं, नऊ वर्षं न नेसलेलं, आणि त्याहून जास्त वेळा टाकून देण्यापासून वाचवलेलं. रेशीम मडीला चालतं. चालतं म्हणजे काय, त्याच्याशिवाय मडी होत नाही. वसुमतीबाईंनी कात्री लावली तेव्हा भीमाचार्यांनी तोंड फिरवलं. त्यांनी पट्ट्या कापल्या, आठ आठ घड्या घातल्या, जाड रेशमी दोऱ्यानं शिवल्या. चिकटवायला मैद्याची खळ शिजवली. भीमाचार्य प्रत्येक गादी व्हर्नियरमध्ये धरून जाडी सांगत, आणि या वेळी त्यांचं कुणी ऐकत होतं. एक घडी वाढवा म्हटलं की वसुमतीबाई वाढवत. दोन गाद्या त्यांनी नापास केल्या. वसुमतीबाईंनी एक मुकाट्यानं उसवली आणि दुसरी तशीच लावली.

शेगडीखाली रेशीम ठेवायला दोघांनाही भीती वाटली. तिथं गळक्या ताम्हनाचा तांब्याचा पत्रा लागला. भीमाचार्यांनी मोजलं, कातरलं, तीन पदर करून हातोडीनं ठोकलं, पुन्हा मोजलं. तांबं पायाखाली सरकवलं. मग वसुमतीबाईंनी पाण्यानं भरलेला मोठा हंडा शेगडीवर ठेवला आणि दोघं दोन बाजूंना उभी राहून बघत राहिली. पाण्यावर तरंगसुद्धा उठला नाही. त्या संध्याकाळी जेवायला फक्त दहीपोहे होते, आणि ते दोघांनाही फार आवडले.

श्राद्धाच्या दिवशी गुरुदत्त नऊ वाजताच आला. मडीत नसल्यामुळे त्याला उंबऱ्याच्या आत येता येत नव्हतं. तो हाताची घडी घालून दारात उभा राहिला. कारखान्यातले कामगार ज्या नजरेला घाबरत, ती घराण्यात पुढे चालू राहिली होती, असं भीमाचार्यांच्या त्या दिवशी लक्षात आलं. आत वसुमतीबाई रेशमी लुगड्यात कारल्याची भाजी, केळ्याची भाजी, वडे, आमसुलाची चटणी करत होत्या. ड्रॉवर एका बोटानं उघडत होते आणि आवाज न करता मिटत होते. दार लागलं की लागलेलं राहत होतं. खिरीचं पातेलं सगळ्यांत मोठं. ते उकळीला आलं तेव्हा गुरुदत्तनं घडी सोडून दोन्ही हात चौकटीवर ठेवले. वसुमतीबाईंनी पातेलं धरलं, उचललं, ओट्यावर ठेवलं. शेगडी जागची हलली नाही. आईच्या पावलावरचा गुलाबी डाग गुरुदत्तला दारातून दिसत होता. त्यानं श्वास सोडला.

ब्राह्मण जेवले, पिंड झाले, कावळ्यानंही फार आढेवेढे घेतले नाहीत. घरातली माणसं तीनला जेवायला बसली. दुसऱ्या वड्यानंतर गुरुदत्त थांबला. स्वयंपाकघरातून टप्प असा आवाज आला होता. त्यानं मोबाइलवर वेळ पाहिली. चाळीस सेकंदांनी तो पुन्हा आला.

त्यानं अण्णांकडे पाहिलं. भीमाचार्यांना बोलावं लागलं. चौतीस वर्षांची सवय होती. थेंब म्हणजे थेंब. अट त्यांनीच घातली होती, शब्द त्यांचाच होता. ते म्हणाले की गुरू, बरोबर आहे तुझं. नळ गळतो. उद्या सामान बांधू.

वसुमतीबाई सारभाताचं पातेलं घेऊन आल्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं.

"कसलं सामान?"

भीमाचार्यांनी अट सांगितली. गच्चीवरचा फोन, बावीस दिवस, डुलणं, अडकणं, गळणं, सगळं. त्यांना ती एव्हाना माहीत असेल असं दोघांनीही धरून चाललं होतं. वसुमतीबाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग त्या पाटावर बसल्या, पहाटे चारपासून पहिल्यांदाच.

"ही अट कुणी कुणाला घातली?" त्यांनी विचारलं.

भीमाचार्यांनी डावा हात हळूच वर केला.

"स्वयंपाक कोण करतं इथं? पाय कुणाचा भाजला? आणि तुम्ही गच्चीवर जाऊन माझं घर पैजेवर लावलंत?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "गुरू, तुला भीती वाटली, ते मला कळलं. ह्यांनी तीन आठवडे खपून माझी शेगडी बसवली, तेही कळलं. पण मला कुणी विचारलंत? मी जाणार नाही. नळ गळू दे नाहीतर धबधबा होऊ दे."

गुरुदत्त हळूच म्हणाला की अम्मा, पुन्हा भाजलं तर.

"तर मलम आहे. आणि शेगडी डुलली तर आता मला दुरुस्त करता येते. ह्यांना बघून शिकले." भीमाचार्यांनी मान वर केली. हे वाक्य खरं नव्हतं, उलटं होतं, वसुमतीबाईंकडून तेच शिकले होते, पण त्यांनी ते तपासलं नाही.

मग गुरुदत्तनं सारभात मागून घेतला. जेवण झाल्यावर हात धुवून तो बाहेरच्या पायरीवर गेला आणि त्यानं मॉड्युलरवाल्या माणसाला फोन लावला. तो माणूस बराच वेळ बोलत असावा, कारण गुरुदत्त नुसता हूं हूं करत होता. शेवटी त्यानं कानडीत सांगितलं, "अम्मा बेडा अंतारे." आई नको म्हणतात. पुढं समजावण्याजोगं काही नसल्यासारखा त्यानं फोन खिशात ठेवला.

आत येऊन तो उंबऱ्याशी घुटमळला. काहीतरी करू दे मला, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. वसुमतीबाईंना ते दिसलं. त्या ओटा पुसत होत्या, कोपर बरोबर कडेला लागलेलं.

"धूर फार होतो वडे तळताना," त्या म्हणाल्या. "त्या झरोक्यात पंखा बसव एक. छोटा. किती छोटा, ते आधी मला विचार."